शेक्सपीअरची मालकी

शेक्सपीअरविषयीं आपल्या सुशिक्षित समाजांत आज दोन मतें रूढ झालेलीं दिसतात. पहिलें मत असें कीं, शेक्सपीअर वाचावयाचा तर तो मूळ इंग्रजींतच वाचला पाहिजे. मराठींत त्याचीं जीं भाषांतरें व रूपांतरें झालीं तीं सारीं त्याचीं विडंबनें होत, आणि ज्यास इंग्रजी उत्तम येत नाहीं त्यानें या कवीच्या वाटेस जाऊंच नये. दुसरें मत याच्या अगदीं उलट दिसणारें आहे. शेक्सपीअर हा परक्या राज्यकर्त्यांनीं शाळा-कॉलेजांतून आपल्या गळीं उतरविलेला कवि. राज्य १९४७ सालीं गेलें, तेव्हां त्याच्या मागोमाग या कवीचीही बोळवण व्हावयास हवी होती, असें या दुसऱ्या पक्षाचें म्हणणें. पहिला पक्ष स्वतःस रसिक म्हणवितो, दुसरा स्वाभिमानी. वरवर पाहतां हे एकमेकांचे हाडवैरी वाटतात. परंतु थोडें खोल पाहिलें तर दोघेही एकाच गृहीत गोष्टीवर उभे आहेत. ती गोष्ट म्हणजे शेक्सपीअर ही इंग्रजांची मालमत्ता आहे. एकजण त्या मालमत्तेस दुरून हात जोडतो, दुसरा तिच्याकडे पाहून नाक मुरडतो. मालकी मात्र दोघेही मान्य करितात. आमचें म्हणणें असें कीं, ही मालकीच खोटी आहे. आणि ती खोटी आहे हें आपल्यांतील कांहीं थोर पुरुषांनीं दीडशें वर्षांपूर्वीं सिद्ध करावयास आरंभही केला होता.

हा वाद केवळ पंडितांचा असता तर त्यांत पडण्याचें आम्हांस कारण नव्हतें. परंतु आम्ही हें रत्नागिरी जिल्ह्यांतील पूर्णगडाहून लिहीत आहों, आणि गेलीं कित्येक वर्षें याच मुलखांतल्या मुलांस इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलों आहों. मुचकुंदी नदी समुद्रास मिळते त्या मुखाशीं, टेकडीवर, हा लहानसा किल्ला आहे. खालीं गांव, खाडीपलीकडे गांवखडी, उत्तरेस पांवस. या गांवांतून आणि अशा शेंकडों गांवांतून मुलें कॉलेजांत येतात. त्यांची मातृभाषा मराठी, आणि शालेय शिक्षण बहुधा मराठींतूनच झालेलें. वरील दोन पक्षांच्या भांडणांत खरी हानि होते ती या मुलांची. पहिला पक्ष त्यांस सांगतो, तुमची योग्यता नाहीं. दुसरा सांगतो, तुम्हांस गरज नाहीं. दोन्ही उपदेशांचा परिणाम एकच होतो, आणि तो म्हणजे दार बंद राहतें. तें कोणीं व कोणत्या अधिकारानें बंद केलें, एवढाच प्रश्न आम्हांस येथें विचारावयाचा आहे.

पहिल्या पक्षाचा समाचार प्रथम घेऊं. या पक्षाच्या मनांत शेक्सपीअरची जी मूर्ति आहे, ती एखाद्या विद्यापीठाच्या सभागृहांत उंच चौथऱ्यावर बसविलेल्या संगमरवरी पुतळ्याची आहे. तिच्या दर्शनास जाण्यापूर्वीं व्याकरणाचें स्नान व उच्चारांचें सोंवळें लागतें. आतां या कवीच्या चरित्राविषयीं निश्चित माहिती थोडी आहे. परंतु जी आहे ती या पुतळ्याशीं मुळींच जुळत नाहीं. २६ एप्रिल १५६४ रोजीं स्ट्रॅटफर्ड येथील चर्चमध्यें त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद झाली. बाप हातमोजे करणारा कारागीर; कागदपत्रांवर तो सहीच्या जागीं निशाणी करी. मुलगा कोणत्याही विद्यापीठांत गेला नाहीं. अठराव्या वर्षीं त्याचें लग्न झालें, आणि एकविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वीं तो तीन मुलांचा बाप होता. पुढें तो लंडनास गेला, नट झाला, नाटकें लिहूं लागला, आणि आपल्याच नाटक मंडळींत भागीदार झाला. त्याच्या लॅटिन-ग्रीकच्या बेताच्या ज्ञानाचा उल्लेख त्याचा स्नेही बेन जॉन्सन यानेंही करून ठेविला आहे.

१५९२ सालीं रॉबर्ट ग्रीन या पदवीधर नाटककाराच्या नांवानें एक पुस्तक प्रसिद्ध झालें. विद्यापीठाचें तोंड न पाहिलेला एक नट आपल्यासारख्या विद्वानांच्या बरोबरीनें नाटकें लिहावयास धजतो, याचा राग त्या पुस्तकांत शेक्सपीअरवर काढलेला आहे; उसन्या पिसांनीं नटलेल्या कावळ्याची उपमाही त्यास तेथें दिली आहे. आज आपल्याकडे जे लोक इंग्रजी न येणाऱ्यास शेक्सपीअरच्या दारांतून हांकलून देतात, ते स्वतःस शेक्सपीअरचे वारस समजतात. ते वारस आहेत खरे. परंतु शेक्सपीअरचे नव्हेत, या ग्रीनचे.

तो ज्यांच्यासाठीं लिहीत असे ते प्रेक्षक कोण होते? १५९९ सालीं थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर उभ्या राहिलेल्या ग्लोब नाटकगृहांत एक पेनी देणारा मनुष्य रंगभूमीच्या पुढच्या उघड्या अंगणांत उभा राहून नाटक पाही. तेथें उमेदवारी करणारे कारागीर असत, नावाडी असत, आणि वरच्या सज्जांत सरदारही असत. अंगणांतल्या मनुष्यास कंटाळा आला तर तो शिष्टाचार म्हणून गप्प बसणारा नव्हता. शेक्सपीअरनें आपल्या नाटकांचा संग्रह स्वतः कधीं छापला नाहीं. १६१६ सालीं तो वारला. त्यानंतर सात वर्षांनीं, १६२३ सालीं, जॉन हेमिंग्ज व हेन्री कॉन्डेल या त्याच्या दोन सोबती नटांनीं त्याचीं ३६ नाटकें एकत्र करून छापविलीं. त्यांपैकीं निम्मीं तोंवर कधींच छापलीं गेलीं नव्हतीं. ‘मॅकबेथ’, ‘ज्युलिअस सीझर’ व ‘टेंपेस्ट’ हीं त्यांतच येतात. म्हणजे ज्या ग्रंथावर आज पंडितांच्या पिढ्याच्या पिढ्या पोसल्या जात आहेत, तो आपल्यापर्यंत पोंचविला तो नाटक मंडळींतल्या नटांनीं.

आतां ‘मूळ भाषेवांचून मूळ कृतीस हात लावूं नये’ या नियमाकडे वळूं. प्लुटार्कनें ग्रीक भाषेंत थोर पुरुषांचीं चरित्रें लिहिलीं. त्यांचें फ्रेंच भाषांतर जाक आम्यो यानें केलें. त्या फ्रेंचावरून सर टॉमस नॉर्थ यानें १५७९ सालीं इंग्रजी केलें. आणि त्या इंग्रजीवरून शेक्सपीअरनें ‘ज्युलिअस सीझर’, ‘अँटनी आणि क्लिओपात्रा’ व ‘कोरिओलेनस’ हीं नाटकें रचिलीं. भाषांतराचें भाषांतर वाचून त्यानें रोम उभें केलें! ऑथेल्लोची कथा चिंथिओ नांवाच्या इटालियन कथाकाराची. रोमिओ-ज्युलिएटची कथा आर्थर ब्रूक याच्या १५६२ सालच्या इंग्रजी काव्यांतली, आणि ती ब्रूकची तरी कोठें होती? तीही इटलींतून फ्रान्समार्गे आलेली. हॅम्लेटची हकीकत सॅक्सो या डेन्मार्कच्या बखरकारानें लॅटिनमध्यें लिहून ठेविलेली. मूळ भाषेचा हा नियम त्या काळच्या लंडनांत लागू असता, तर आमच्या पहिल्या पक्षास पूजावयास देवच उरला नसता.

बरें, ज्या ‘मूळा’च्या शुद्धतेसाठीं हा एवढा आटापिटा, त्या मूळाची इंग्रजांनीं स्वतः काय वाट लाविली? ‘हॅम्लेट’चे तीन निरनिराळे पाठ आहेत : एक १६०३ सालचा, दुसरा १६०४–०५ चा, तिसरा १६२३ च्या संग्रहांतला. त्यांतला खरा कोणता याविषयीं संपादकांत आजही एकवाक्यता नाहीं. ‘किंग लिअर’चा शोकांत सहन न होऊन नेहम टेट यानें १६८१ सालीं त्यास सुखांत करून टाकिलें, कॉर्डेलिया मरत नाहीं, तिचें एडगरशीं लग्न ठरतें, आणि म्हाताऱ्या राजास राज्य परत मिळतें. हाच सुखांत इंग्रजी रंगभूमीवर दीडशें वर्षें नांदला; १८३८ सालीं मॅक्रेडीनें मूळ नाटक पुन्हा उभें केलें तेव्हां कोठें तो हटला. गॅरिकसारख्या नटश्रेष्ठानें १७७२ सालीं ‘हॅम्लेट’मधून थडगें खणणाऱ्यांचा प्रवेशच काढून टाकिला. इंग्रजांनीं शेक्सपीअरला हवा तसा वांकविला तर तो रंगभूमीचा इतिहास, आणि आपल्या देवलांनीं वांकविला तर ती विटंबना, हा न्याय कोणत्या स्मृतींत सांगितला आहे, हें आम्हांस कोणीं तरी दाखवावें.

आतां आपल्याकडे काय झालें तें पाहूं. १८६७ सालीं महादेवशास्त्री कोल्हटकर यांनीं ‘ऑथेल्लो’ मराठींत आणिलें. १८७९ सालीं विष्णु मोरेश्वर महाजनी यांनीं ‘सिंबेलीन’चें ‘तारा’ केलें. बडोद्यास झालेल्या त्याच्या प्रयोगावर हॅरल्ड लिटलडेल या गृहस्थानें १८८० सालीं विलायतेंतील ‘मॅकमिलन्स मॅगझीन’मध्यें लेख लिहिला. १८८३ सालीं ‘हॅम्लेट’चें आगरकरकृत भाषांतर ‘विकारविलसित’ प्रसिद्ध झालें. १८९० मध्यें देवलांचा ‘झुंझारराव’ आला. पुढें वासुदेव बाळकृष्ण केळकर यांची ‘त्राटिका’ आणि शिवराम महादेव परांजपे यांचा ‘मानाजीराव’. शाहूनगरवासी नाटक मंडळींत गणपतराव जोशी हे हॅम्लेट उभा करीत आणि बाळाभाऊ जोग स्त्रीभूमिका करीत. तो प्रयोग पाहण्यास जे लोक गर्दी करीत त्यांतील बहुसंख्यांस इंग्रजीचें अक्षरही येत नव्हतें. तरी त्यांस हॅम्लेटचें दुःख कळत होतें. तें कळलें नसतें तर त्या कंपनीचा हा खेळ वर्षानुवर्षें चालला नसता. तिकीट काढून येणारा प्रेक्षक कोणाच्या पांडित्याची भीड धरीत नाहीं.

या रूपांतरकारांस आम्ही नुसते अनुवादक मानीत नाहीं. ते आपल्या भाषेंतले शेक्सपीअरचे पहिले टीकाकार होत. नुसतीं नांवेंच पाहा. ‘विकारविलसित’ या एका समासांत आगरकरांनीं शोकान्त नाटकाची सारी मीमांसा सांगितली आहे : मनुष्याच्या मनांतील विकार मोकाट सुटले म्हणजे जो खेळ मांडतात, तो हा. ‘झुंझारराव’ हें नांव रणांत कधीं न हटलेल्या वीराचें. आणि त्याचा पराभव होतो तो रणांत नव्हे, घरांत, एका संशयाच्या हातून. कमळजेच्या मृत्यूनें जो चटका बसतो त्याचें अर्धें बीज त्या नांवांतच पेरलेलें आहे. ‘त्राटिका’ म्हटल्याबरोबर मराठी श्रोत्यास ती स्त्री कशी असेल हें सांगावें लागत नाहीं. परंतु रामायणांतील त्राटिकेचा रामाच्या बाणानें वध होतो, आणि केळकरांची त्राटिका शेवटीं संसाराला लागते. नांवानें घातलेली भीति कथेनें उतरवावयाची, ही खुबी मूळ इंग्रजी नांवांत नाहीं. स्त्रीस वठणीवर आणण्याच्या त्या कथेविषयीं आज आपलें मत निराळें असेल, आणि असावेंही. पण रूपांतरकाराची नजर तीक्ष्ण होती हें नाकारतां येणार नाहीं.

याच्याही पुढची पायरी खाडिलकरांनीं गांठली. ‘सवाई माधवरावांचा मृत्यु’ या नाटकांत त्यांनीं शेक्सपीअरचें एकही नाटक भाषांतरिलें नाहीं. हॅम्लेटच्या मनाची दोलायमान स्थिति त्यांनीं १७९५ सालच्या शनिवारवाड्यांत आणून ठेविली, आणि इयागोचें विष केशवशास्त्र्याच्या जिभेवर ठेविलें. दोन निरनिराळ्या इंग्रजी नाटकांतलीं हीं दोन माणसें एका छपराखालीं राहिलीं तर काय होईल, हा प्रश्न शेक्सपीअरला स्वतःला कधीं सुचला नव्हता. तो एका मराठी नाटककारास सुचला. आणि या परंपरेचा धागा पुढेंही तुटला नाहीं. शिरवाडकरांनीं १९५४ सालीं ‘मॅकबेथ’चें ‘राजमुकुट’ केलें, पुढें ‘ऑथेल्लो’ केलें, आणि १९७० सालीं ‘नटसम्राट’ लिहिलें. सर्वस्व मुलांस वांटून देऊन रस्त्यावर आलेला गणपतराव बेलवलकर हा लिअरचें भाषांतर नव्हे. पण लिअर या भाषेंत शंभर वर्षें मुरला नसता तर तो जन्मास आला नसता. ‘मूळ इंग्रजींतच वाचा’ म्हणणाऱ्यांचें ऐकून शिरवाडकर स्वस्थ बसते, तर या नाटकास आपण मुकलों असतों.

या पहिल्या पक्षास आम्ही एक शेवटचा प्रश्न विचारतों. मराठी भाषेस वाङ्मयाची भाषा म्हणून प्रतिष्ठा मिळाली ती कशानें? शके १२१२ मध्यें, म्हणजे १२९० सालीं, ज्ञानेश्वरांनीं गीता मराठींत आणिली. तीं नुसत्या शब्दांस शब्द ठेवून केलेलीं अक्षरें नव्हेत. सातशें श्लोकांच्या तेथें सुमारें नऊ हजार ओंव्या झाल्या. मूळांत नाहींत अशा उपमा, मूळांत नाहींत असे दृष्टांत, या मातींतले, या शेतांतले, या घरांतले. संस्कृत न येणाऱ्यानें गीतेच्या वाटेस जाऊं नये असें म्हणणारे त्या काळींही होते. त्यांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत. ज्या भाषेचें पहिलें महाकार्य असें आहे, त्या भाषेंत जन्मून रूपांतरास हीन लेखणें हा स्वतःच्याच आजोबांस नाकारण्याचा प्रकार आहे.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. या पक्षाच्या म्हणण्यांत सत्याचा अंश आहे, आणि तो आम्ही लपवीत नाहीं. मेकॉलेच्या १८३५ सालच्या टिपणानंतर इंग्रजी शिक्षणाचा जो सांचा या देशांत पडला, त्यांत शेक्सपीअरला राज्यकर्त्यांच्या श्रेष्ठतेचा दाखला म्हणून उभें करण्यांत आलें. परंतु दाखला देणाऱ्याचा हेतु एक, आणि तो वाचणाऱ्यानें त्यांतून काय घेतलें हें दुसरें. आगरकर १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणीं झालेल्या बदनामीच्या खटल्यांत टिळकांबरोबर तुरुंगांत गेले. डोंगरीच्या तुरुंगांत त्यांचे १०१ दिवस गेले, आणि ‘हॅम्लेट’चें भाषांतर त्यांनीं त्याच तुरुंगांत केलें. सरकारच्या कुलुपाआड बसून, अन्यायानें बळकावलेल्या राज्याची कथा मराठींत उतरविणारा हा मनुष्य गुलाम होता काय? ‘मॅकबेथ’चें ‘मानाजीराव’ करणारे शिवरामपंत परांजपे हे ‘काळ’कर्ते, १९०८ सालीं राजद्रोहाबद्दल त्यांस शिक्षा झाली. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर सरकारनें बंदी घातली. इंग्रजी राज्याशीं लेखणीनें झुंजणाऱ्या पिढींतलीं हीं तीन अग्रगण्य नांवें. आणि तिघांच्याही लेखनावर शेक्सपीअरचा ठसा! ज्यांनीं प्रत्यक्ष तुरुंग भोगला, ज्यांच्या कृतींवर बंदी आली, त्यांस या कवीचा विटाळ झाला नाहीं. आणि ज्यांस इंग्रजी राज्याची झळ कधीं लागली नाहीं, ते आज स्वाभिमानाच्या नांवानें त्याचा त्याग करावयास सांगतात. शत्रूच्या शस्त्रागारांतून तलवार उचलून आणणें हें शौर्य मानावयाचें कीं दास्य, हें त्यांनींच ठरवावें.

आतां ज्या मुलांसाठीं हा सारा खटाटोप, त्यांच्याकडे येऊं. ‘टेंपेस्ट’ नाटकाचा पहिला प्रवेश भर वादळांतल्या जहाजावर घडतो. वारा जहाजास किनाऱ्याकडे लोटीत आहे. तांडेल शीड उतरावयास ओरडत आहे. आणि राजा व त्याचे सोबती मध्येंच वर येऊन कामाचा खोळंबा करितात. समुद्रापुढें दरबारी मानमरातब चालत नाहीं हें तांडेल त्यांस तोंडावर सुनावतो आणि त्यांस खालीं पिटाळतो. शहरांतल्या विद्यार्थ्यास या प्रवेशाचें मर्म टीपांवांचून कळत नाहीं, कारण किनारा म्हणजे सुरक्षितता अशी त्याची समजूत असते. पूर्णगडच्या कोळ्याच्या मुलास हें सांगावें लागत नाहीं. वारा किनाऱ्याकडे सुटला म्हणजे खोल पाणी हेंच जीविताचें ठिकाण आणि जमीन हाच मृत्यु, हें त्यास आजानें सांगितलेलें असतें. शीड, परमाण, डोलकाठी, सुकाणूं, नांगर हे शब्द त्याच्या घरांतले. तांडेलाचा हुकूम होडीवर असतां कोणीं मोडावयाचा नाहीं, मग चढलेला मनुष्य होडीचा मालक कां असेना, हेंही त्यास ठाऊक. चारशें वर्षांपूर्वींच्या त्या प्रवेशाचा खरा अधिकारी वाचक त्या वर्गांत कोणी असेल तर तो हा मुलगा आहे.

आणि त्याचें आम्ही काय करितों? त्याच्या हातांत बाजारी गाइड देतों. त्या गाइडांतलें तांडेलाच्या स्वभावाचें सहा ओळींचें इंग्रजी वर्णन तो पाठ करितो, परीक्षेंत उतरवितो, आणि उत्तीर्ण होतो. त्या सहा ओळींचा आणि आपल्या बापाच्या होडीचा कांहीं संबंध आहे, हें त्यास कोणीं सांगितलेलें नसतें. वेंगुर्ल्यास जन्मलेल्या मंगेश पाडगांवकरांनीं या नाटकाचें ‘वादळ’ या नांवानें मराठी भाषांतर केलें आहे. तें त्याच्या हातीं प्रथम द्यावें, मग इंग्रजी. म्हणजे इंग्रजी शब्दामागें उभी असलेली वस्तु त्यास आधीं दिसेल आणि शब्द मागाहून कळेल. भाषांतर ही मूळावर चढावयाची शिडी आहे. ती भिंत आहे असें समजणाऱ्यांनीं तिच्यावर पाय ठेवून कधीं पाहिलेलेंच नसतें.

अशीच गोष्ट नाट्याच्या रसाची. अठराव्या शतकांतले पंडित शेक्सपीअरवर रागावत, तें शोक आणि विनोद तो एकाच ताटांत वाढतो म्हणून. व्हॉल्टेअरला ‘हॅम्लेट’मधील थडगें खणणाऱ्यांचे विनोद रानटी वाटले. या आमच्या मुलखांत शिमग्याच्या दिवसांत नमन-खेळे होतात. संकासुराच्या उड्यांनीं खदखदून हंसलेला प्रेक्षक घटकाभरानें देवाच्या सोंगापुढें हात जोडतो, आणि त्यांत त्यास कांहीं विसंगत वाटत नाहीं. देवळांच्या उत्सवांतून गांवची मंडळी नाटक बसवितात; दिवसा शेत नांगरणारा मनुष्य रात्रीं राजा होतो. ग्लोबच्या अंगणांतला प्रेक्षक कसा असेल, याची कल्पना लंडनच्या आजच्या मखमली खुर्च्यांपेक्षां या उत्सवाच्या मांडवांत अधिक येते, असें आमचें स्पष्ट मत आहे.

यावर आक्षेप येईल कीं, शेक्सपीअरचें काव्य भाषांतरांत नाहींसें होतें. होतें, हें आम्ही मान्य करितों. त्याच्या निर्यमक पद्याचा नाद, एका शब्दांत दडलेले चार अर्थ, हें सारें कोणत्याही भाषेंत जसेंच्या तसें येत नाहीं. आपल्या जुन्या रूपांतरांत दोषही पुष्कळ आहेत : कोठें संस्कृतप्रचुर भाषा पात्रांच्या तोंडीं जड होते, कोठें मूळची धार आपल्या रीतिभातींच्या भीडेनें बोथट केलेली दिसते. परंतु तुलना कशाशीं करावयाची? मूळ इंग्रजीचा पूर्ण आस्वाद आणि मराठी भाषांतर यांतून निवड करावयाची असती तर गोष्ट वेगळी. आमच्या विद्यार्थ्यापुढें निवड आहे ती गाइड आणि भाषांतर यांची. भाषांतरांत काव्य कांहीं उणें होतें. गाइडांत काव्यही जातें, नाट्यही जातें, आणि मनुष्यही जातो. शिवाय भाषांतर वाचलेला मनुष्य मूळाकडे जाण्याची आशा असते. विंदा करंदीकर जन्मले देवगड तालुक्यांतल्या धालवलीस. इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि १९७४ सालीं त्यांनीं ‘राजा लिअर’ मराठींत आणिला. तें भाषांतर आणि मूळ शेजारी शेजारी ठेवून वाचण्यानें विद्यार्थ्यास दोन्ही भाषांचें बळ जितकें कळतें, तितकें व्याख्यानांनीं कळत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

तेव्हां नुसत्या तक्रारीवर न थांबतां आम्ही कांहीं मागण्या करितों. इंग्रजी वाङ्मयाच्या पदवी व पदव्युत्तर वर्गांत शेक्सपीअरचें जें नाटक नेमलें असेल, त्याचें मराठी भाषांतर वा रूपांतर उपलब्ध असल्यास तें जोडवाचन म्हणून नेमावें. त्या अभ्यासावर निदान एक प्रश्न असावा, आणि तो मूळ व मराठी यांच्या तुलनेचा असून त्याचें उत्तर विद्यार्थ्यास मराठींतही लिहितां यावें. ‘विकारविलसित’, ‘झुंझारराव’, ‘त्राटिका’, ‘तारा’ यांच्या टीपांसह शुद्ध व स्वस्त आवृत्त्या तालुक्यातालुक्यांच्या वाचनालयांत असाव्यात. मराठीच्या प्राध्यापकांनीं हीं पुस्तकें इंग्रजी विभागाचीं म्हणून, आणि इंग्रजीच्या प्राध्यापकांनीं मराठी विभागाचीं म्हणून, एकमेकांकडे ढकलूं नयेत. अनाथाचें पालनपोषण ज्याच्या दारीं तें आलें त्यानें करावें. आणि ज्या गांवांत उत्सवाचें नाटक दरवर्षीं होतें, तेथील मंडळींनीं एखादें वर्षीं ‘झुंझारराव’ बसवून पाहावें. प्रयोग पडेल अशी भीति पंडितांस वाटेल. गांवकऱ्यांस वाटणार नाहीं, कारण संशयानें मोडलेलें घर त्यांनीं पाहिलेलें असतें.

यांतली एकही मागणी खर्चाची नाहीं. एका अभ्यासमंडळाची एक बैठक, एका प्रकाशकाचें थोडें धाडस, आणि कांहीं प्राध्यापकांची थोडी लाज सोडण्याची तयारी, एवढेंच भांडवल त्यास लागतें. आमचें हें प्रतिपादन ज्यांस अमान्य असेल, त्यांनीं अवश्य उत्तर द्यावें. वादास आम्ही सिद्ध आहों. मात्र पहिल्या पक्षाच्या विद्वानांस एक विनंती आहे : आपलें उत्तर कृपा करून मराठींत लिहावें, म्हणजे ज्यांच्याविषयीं हा वाद चालला आहे त्यांसही तें वाचतां येईल.